सगळ्यांच्या हातात सुरा

बाबा, काल माझ्या हातून अगदी तुमचीच चूक झाली. आधी रडू आलं, मग हसू आवरेना.

सिनेमावेड्या मुलांसाठी मी एक रहस्यकथा लिहिली आहे, पानोपानी चित्रं काढून. बंद पडलेल्या थिएटरातून जुन्या सिनेमाचं शेवटचं रीळ गायब होतं आणि दोघी बहिणी ते शोधत खडकवासल्यापर्यंत जातात. साठी उलटल्यावरचं पहिलं पुस्तक, म्हणून मुखपृष्ठ जीव ओतून केलं. शेजारची दहा वर्षांची पोर ते बघून म्हणाली, "आजी, रीळ या डोअरकीपर काकांनीच ढापलं ना?" चोर खरंच तोच होता. त्याचा चेहरा झकास जमला, म्हणून त्यालाच मोठा केला होता, वर काखेत रिळाचा डबा दिला होता. संपादकबाईंना कळवलं, तर त्यांनी फोनवर स्पष्ट सांगितलं, दोन दिवसांत मुखपृष्ठ बदला, नाहीतर पुस्तक पुढच्या वर्षी. पुढचं वर्ष कुणी पाहिलंय या वयात?

मग तो शुक्रवार आठवला. बिबवेवाडीच्या पत्र्याच्या शेडमध्ये तुम्ही स्वारगेटजवळच्या थिएटरचे बॅनर रंगवायचात. सिनेमा बघून कोण रंगवतंय! मालक फोटो धाडायचे, तुम्ही चौकटी आखून चेहरे कापडावर उतरवायचात. त्या खेपेला सिनेमा खुनाचा होता; त्यातल्या सुरा धरलेल्या मुनीमजींचा फोटो तुम्हाला भलताच आवडला आणि तेच सगळ्यांत मोठे झाले. पहिला खेळ सुटल्यावर लोक म्हणू लागले, तिकीट कशाला काढायचं, खुनी बाहेरच टांगलाय. मालकांनी सगळ्यांदेखत तुम्हाला झापलं. दुपारच्या खेळाआधी निस्तरा, नाहीतर उद्यापासून येऊ नका.

तुम्ही थिएटरबाहेरच्या परांचीवर चढता, मी खाली उभी. मला वाटतं, आता सुरा पुसणार. तुम्ही हिरोच्या हातात सुरा देता. मग हिरॉइनच्या, विनोदी नटाच्या, शेवटी पाळण्यातल्या बाळाच्याही! खाली उतरून हात पुसत मला म्हणालात, "पुसलं की डाग दिसतो गं. संशय सगळ्यांत सारखा वाटून टाकायचा." दुपारी रांग फाटकाबाहेर गेली. मालकांनी तुम्हाला चहा पाठवला.

आज सकाळी मी तेच केलं. पुस्तकातल्या प्रत्येकाच्या काखेत डबा दिला, कुत्र्याच्या तोंडातसुद्धा. पोर आली, बघून गोंधळली आणि पानं घेऊन जिन्यातच वाचत बसली. जेवायला हाका मारल्या तरी उठेना. संपल्यावर विचारते, ही आयडिया कुणाची? मी म्हणाले, "माझ्या बाबांची. ते सिनेमाचे बॅनर रंगवायचे." संपादकबाईंनाही पसंत पडलंय. फार बरं वाटतंय, बाबा.

पण एवढं साधं वाक्य मला त्या शुक्रवारी जमलं नव्हतं. तुम्ही वर चढलेले असताना खाली वर्गातल्या मुली हसत विचारत होत्या, हा येडा पेंटर कोण गं? मी म्हणाले, "काय माहीत." तुमच्या जेवणाचा डबा पाठीमागे लपवला. तुम्हाला वरून दिसलं असेल का, हे विचारायचं राहूनच गेलं. आता हे पत्र टाकणार तरी कुठे, तुमच्या मागे जपलेल्या चौकटी आखायच्या दोऱ्याच्या गुंडीखाली ठेवते. मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात मी दोन वेण्यांची एक मुलगी काढली आहे. तिनेही डबा पाठीमागे धरलाय. तिच्यावर मात्र कुणाचाच संशय गेला नाही.