एकदा दिलेला विकल्प

२ मे १९६६, सोमवार
कालपासून सरकारी कारभार मराठीतून. साहेबांनी सगळ्यांना बोलावून हे इंग्रजीत सांगितलं. मी शॉर्टहँडमध्ये उतरवून घेतलं. वेग नेहमीचा, मिनिटाला एकशेवीस शब्द. सतरा वर्षांत एक ठिपका चुकलेला नाही.
स्टेनोंसाठी फॉर्म निघाला आहे. विकल्प एक : इंग्रजी लघुलेखक म्हणून राहणे. विकल्प दोन : सहा महिन्यांत मराठी लघुलेखन शिकून मराठी लघुलेखक होणे. मुदत महिनाअखेर. मी साडेअकरालाच दोनवर खूण करून सही केली. ऑफिसात पहिला.
साहेब म्हणाले, थिंक इट ओव्हर. विचार करत बसणाऱ्यांची गाडी सुटते.

३ मे
चारुलताने फॉर्मची प्रत वाचली. मग उलटून मागची बाजू वाचली. मागे छापलं आहे : एकदा दिलेला विकल्प कोणत्याही कारणास्तव बदलता येणार नाही. अहो, हे वाचलं होतं का, म्हणाली. मी म्हटलं, ते डळमळीत लोकांसाठी असतं. ती म्हणाली, लुगडं घेतानासुद्धा आपण पदर उलगडून बघतो.
मुलींच्या शाळेत शिकवते. कागद उलटण्याची सवय तिथली.

९ मे
क्लास लावला. नागपुरातल्या महाल भागात, बांगड्यांच्या दुकानावर. मार्तंड मास्तर शिकवतात. बाकी विद्यार्थी मिसरूड फुटलेले. पंधरा दिवसांत पुस्तक संपवीन, असं मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, पुस्तक सगळ्यांचंच संपतं.

१७ मे
एक अडचण लक्षात आली. रेघा जवळजवळ त्याच, आवाज दुसरे. हात जुन्या वाटेने जातो. उपाय एकच, जुनी वाट बंद करणे.
परतीचे दोर कापले. इंग्रजी शॉर्टहँडचं पुस्तक, माझ्या खुणांसकट, आणि अकरा कोऱ्या वह्या प्रेमिलाला देऊन टाकल्या. ही नवी टायपिस्ट. साधी मुलगी. म्हणाली, सर, तुम्हाला लागलं तर? मी नुसता हसलो.

२७ मे
मराठी वेग बावीस. पारा सेहेचाळीस. घामाने पेन्सिल सरकते. पावसाळ्यात वेग आपोआप वाढेल.

२३ जुलै
पाऊस भरपूर. वेग एकतीस.
आज साहेबांनी मुंबईला जाणारं पत्र सांगितलं. अर्थात इंग्रजीत. साहेब मराठीचे आदेशही इंग्रजीत सांगतात. मी भराभर उतरवलं. टाइप करायला बसलो तर वहीत अर्ध्या रेघा जुन्या, अर्ध्या नव्या. साहेबांना तीनदा विचारावं लागलं. चौथ्यांदा त्यांनी घंटी वाजवून पाणी मागवलं.
धोंडबा शिपाई बाहेर आला आणि म्हणाला, काहून बाबूजी, साहेब काहून भडकून राहिले? मी त्याला संक्रमणकाळ म्हणजे काय ते समजावून दिलं. तो म्हणाला, माह्या मावसभावानं बी बैल इकून घोडं घेतलं होतं. नांगराले जुपलं तं पये, टांग्याले जुपलं तं उभंच राहे.
अडाणी माणूस. पण घोड्याचं पुढे काय झालं ते विचारायला हवं होतं.

१९ ऑगस्ट
विकल्प बदलण्याचा प्रश्नच नाही. केवळ माहितीसाठी आस्थापना शाखेला पत्र टाकलं होतं. 'कोणी एखाद्याने विकल्प बदलू म्हटल्यास कार्यपद्धती काय?' आज उत्तर आलं. एक ओळ. 'फॉर्मची मागील बाजू पाहावी.'
चारुलताला दाखवलं नाही.

१२ सप्टेंबर
शुक्रवारी मी क्लासच्या परीक्षेसाठी अर्धी रजा घेतली होती. तेवढ्यात साहेबांनी प्रेमिलाला डिक्टेशन दिलं. तिने घेतलं. टाइप करून दिलं. साहेब मला म्हणाले, नॉट बॅड, धिस गर्ल.
मी तिची वही मागून पाहिली. दोन ठिकाणी ठिपका जरा खाली. दाखवून दिला. सर, तुमच्याच पुस्तकात असा आहे, म्हणाली. पुस्तक माझं, तेव्हा श्रेय कोणाचं हे उघड आहे.
परीक्षेत ऐंशीचा वेग लागतो. माझा अडतीस.

३१ ऑक्टोबर
सहा महिने संपले. मार्तंड मास्तरांनी प्रमाणपत्र दिलं. 'यांची उपस्थिती नियमित होती.' वेगाचा उल्लेख नाही. सज्जन गृहस्थ. आस्थापना शाखेने फाइलला लावून घेतलं. मी आता या कार्यालयाचा मराठी लघुलेखक. एकमेव. बाकी कोणी दोनवर खूण केलीच नाही. साहेबांच्या दाराशेजारची माझी खुर्ची इंग्रजी लघुलेखकाची असल्याने ती हलवावी लागली. म्हणजे मला. खुर्ची तिथेच आहे. तिच्यावर प्रेमिला बसते, तात्पुरती.

२४ नोव्हेंबर, गुरुवार
अधिवेशनासाठी मुंबई नागपुरात आली आहे. आज मंत्रिमहोदयांची बैठक आमच्याच हॉलमध्ये. साहेब मराठीत बोलणार. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. हाच तो क्षण.
चाळीस मिनिटं लिहीत होतो. मान वर केली नाही. पहिल्या दहा ओळी उत्तम. नंतर हात स्वतःच्या विचाराने चालू लागला.

२५ नोव्हेंबर
वही उघडली. सहा ओळी लागतात. बाकीचं कोणत्याच भाषेत नाही.
एक पान मार्तंड मास्तरांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला. पान फिरवून पाहिलं. हे कोणाचं, म्हणाले. मी म्हटलं, मित्राचं. ते म्हणाले, मित्राला चहा पाजा.
इतिवृत्त पाच तारखेपर्यंत द्यायचं आहे. नाही दिलं तर मराठी लघुलेखकाला मराठी येत नाही, हे लेखी होईल. आणि इंग्रजी खुर्ची मी सोडलेली.

२७ नोव्हेंबर, रविवार
दुपारी बसून इतिवृत्त लिहून काढलं. आठवणीने. जिथे आठवलं नाही तिथे साहेब काय बोलायला हवे होते, ते. चार पानं झाली. मुद्दा सात सर्वांत चांगला उतरला : 'राजभाषा तालुक्याच्या दारापर्यंत गेली पाहिजे. त्यासाठी स्वेच्छेने मराठीचा विकल्प दिलेला अनुभवी लघुलेखक तालुक्याला पाठवण्यास हे कार्यालय मागेपुढे पाहणार नाही.'
वाचताना माझ्याच अंगावर काटा आला.
चारुलता म्हणाली, तुमचे साहेब असं बोलतात?

५ डिसेंबर
साहेबांनी चारही पानं वाचली. मुद्दा सातवर थांबले. डिड आय से दॅट? मी म्हणालो, येस सर. त्यांनी मुद्दा पुन्हा एकदा वाचला. मग सही केली. जाताना त्यांची चाल ताठ होती.
लघुलेखन म्हणजे केवळ वेग नव्हे, हे सिद्ध झालं.

९ जानेवारी १९६७
मुंबईहून पत्र. इतिवृत्त आवडलं. मुद्दा सात विशेष स्तुत्य. तात्काळ अंमल करून अहवाल पाठवावा.
साहेबांनी आदेश सांगितला, इंग्रजीत. प्रेमिलाने घेतला. एकदाही विचारावं लागलं नाही. धोंडबा प्रत घेऊन माझ्या टेबलाशी आला. म्हणाला, बाबूजी, तुमचंच नाव हाय. बदली, भिवापूर. मिरची मस्त भेटते तिकडं.
मी उठलो. साहेबांकडे जायचं. सांगायचं, तुम्ही हे बोललाच नव्हता. दारापर्यंत गेलो. मग कोण बोललं, असं ते विचारतील.
प्रेमिला म्हणाली, सर, काही काम होतं का? मी तिला म्हटलं, ठिपके सांभाळ.

२२ जानेवारी, रविवार
चारुलता शाळा सोडणार नाही. मी शनिवारी छोट्या रेल्वेगाडीने येत जायचं, असं ठरलं. ट्रंक तिनेच भरली. रागावली नाही, तेच जरा जड गेलं. एवढंच म्हणाली, तिकडे कुठलाही कागद पुढे आला तर सही करायच्या आधी उलटून बघा.
शब्द दिला.

१३ फेब्रुवारी, भिवापूर
हवेत मिरची. दिवसभर शिंका. कार्यालयात टाइपरायटर नाही. डिक्टेशन देणारंही कोणी नाही. लोक सावकाश बोलतात, मध्ये तंबाखू मळतात, मी साध्या अक्षरात लिहून घेतो. सगळं वाचता येतं. इथून पाहिलं की नागपूरची घाई कळते. दोन वर्षांत मला परत बोलावतीलच. बोलवावंच लागेल. मराठी लघुलेखक त्यांच्याकडे दुसरा नाही.
आज हेडक्लार्क रुपरावांनी एक फॉर्म पुढे केला. मी पेन काढलं. मग चारुलताला दिलेला शब्द आठवला. फॉर्म उलटला. उजेडाकडे धरून पाहिला. मागची बाजू स्वच्छ कोरी. एक अक्षर नाही. निश्चिंत होऊन सही केली.
रुपराव म्हणाले, मांगचं तं लय निरखून पाह्यलं बाबूजी. समोरचं वाचलं का?
मग वाचलं. 'भिवापूर येथे कायम होण्यास माझी संमती आहे.'
रुपराव म्हणाले, सहा सालांपासून हा फॉर्म फिरून राहिला. तुम्हीच पहिले.