एफच्या पुढे काय?

४ मे, सकाळी ७
वणीच्या कॉलेजातून पत्र आलं. कॉम्प्युटर शिक्षकाची एकच जागा. १२ तारखेला डेमो लेक्चर, विषय हेक्साडेसिमल बेरीज. मारेगावातला आमचा क्लास याच महिन्यात बंद होतोय, त्यामुळे ही जागा हवीच. मिळणारच म्हणा, अकरा वर्षं शिकवतोय! बायकोचाही अर्ज मीच भरला. उर्वशीला तेवढाच मुलाखतीचा अनुभव मिळेल. बिचारी.

५ मे
पहाटे उठून अभ्यासाचा संकल्प. उठलो साडेआठला. विषय सोपाय. दहाऐवजी सोळा अंक. शून्य ते नऊ, मग ए ते एफ. पुढचं ओघात येतं.

७ मे
माय पापड मोजत होती. बोटाचे तीन पेरं अन् टोक, असे चार. चार बोटांचे सोळा. सोळा झाले की एक चिंचोका बाजूला, पुन्हा पहिल्या पेरापासून. सात चिंचोके, पाच पेरं झाले. उर्वशीने विचारलं किती, तर माय म्हणे एकशे सतरा. मी म्हटलं, जग कुठं गेलं अन् तू चिंचोके मांडून राह्यली! माय म्हणे, तुले येते का मग? मी पेपर वाचायला घेतला. उर्वशी मात्र अभ्यास सोडून तासभर तिच्यापाशी. अशानं लागते का नोकरी?

१० मे
उर्वशी म्हणाली, सोबत सराव करू. नको म्हटलं, ताजेपणा जातो. मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर आहेच.  आमरस खाऊन झोपलो.

१२ मे, दुपारी ३
मोबाइल दारातच जमा! हा कोणता न्याय? समोर तीन परीक्षक.  फळ्यावर साधं उदाहरण घेतलं, एक-एफ अधिक एक.  शेवटी ठासून लिहिलं, एक-जी.  परीक्षक मॅडमनी विचारलं, सर, हा जी कुठून आणला? मी म्हटलं, एफनंतर जीच येतो, बालवाडीतलं पोरगंही सांगेल.
एफवर अंक संपतात, मग हातचा घ्यायचा, उत्तर दोन-शून्य, हे जिना उतरताना आठवलं. म्हणजे येत होतंच.
उर्वशी चाळीस मिनिटं आत. पिशवीत चिंचोके घेऊन गेलती! परीक्षकांनाही पेरं मोजायला लावले म्हणे. तिचं काही खरं नाही.

१५ मे
उर्वशीची निवड. माय गावभर पेढे वाटून राह्यली. आयडिया आमच्याच घरची, हे मी सगळ्यांना सांगितलं. मग न्हाणीत जाऊन रडलो. खोटं कशाला लिहू.

३१ मे
क्लासचं शटर पडलं. उर्वशी उद्या रुजू होणार, साडीला इस्त्री करतेय. माय म्हणे, रिकामा काहून बसला, पापड मोज. मोजले. पंधरापर्यंत बरोबर गेलो. सोळावा हातात घेऊन थांबलो.
मायनं एक चिंचोका पुढे सरकवला.