खडूच्या रेघेवरचं ब्लेड

बाबा, परवा शेंगदाण्याचं नवीन तेल आणलं आणि डबा उघडल्या उघडल्या मी ताटली तिरकी धरली. एक थेंब जुन्या तेलाचा, शेजारी एक नव्याचा, आणि कोण आधी घसरतो ते बघत उभी राहिले. तुमची नात म्हणाली, "मॉम, इट्स जस्ट ऑइल." तिला काय सांगू? अल मनखूलच्या आपल्या फ्लॅटमध्ये तुम्ही मधाचा, तेलाचा, काकवीचाही असाच निकाल लावायचात. आई ओरडायची, "अहो, नैवेद्याची ताटली आहे ती!" तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "मग देवालाही कळू दे की भेसळ काय आहे ते." तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुमचा संशय काही माझं घर सोडत नाही.

तुमचा धंदा आखातातल्या रस्त्यांवर आलेली वाळू हटवण्याचा, आणि त्यासाठी तुम्ही कुठल्याशा थंड देशातून बर्फ ढकलणारा सेकंडहँड ट्रक मागवला होता. पुढे ते अवाढव्य ब्लेड. मी बी.कॉम. होऊन तुमच्याच ऑफिसात बसत होते. सकाळी ब्लेड वर उचलून ट्रक निघायचा आणि उन्हं चढली की ते आपलं आपण खाली यायला लागायचं. खोर फक्कानच्या रस्त्यावर एकदा ते चालत्या ट्रकखाली डांबराला टेकलं, ठिणग्या उडाल्या, मागची गाडी थोडक्यात वाचली. तुम्हाला आधी ड्रायव्हरचा संशय आला, मग मेकॅनिकचा, मग चक्क ट्रकच्या जुन्या मालकाचा, ज्याचं तोंडही तुम्ही पाहिलं नव्हतंत.

त्याच दिवसांत तो यायचा. ठाण्याचा, ऑइल कंपनीतला सेल्समन, काम दहा मिनिटांचं असलं तरी तासभर बसणारा. का बसतो ते मला ठाऊक होतं आणि तुम्हालाही. तो सांगतोय, "काका, ब्लेड उचलणाऱ्या हायड्रॉलिकमध्ये अजून तिकडचंच तेल आहे. थंडीत गोठू नये म्हणून पातळ असतं ते. इथल्या उन्हात त्याचं पाणी होतं, आतल्या आत निसटतं, म्हणून ब्लेड उतरतं. अडुसष्ट नंबरचं जाड तेल घाला. पण नुसती टाकी रिकामी करून भागणार नाही हां. पाइपातलं, सिलिंडरमधलं सगळं काढा, थोडं नवं तेल फिरवून धुऊन घ्या आणि मग भरा." तुम्ही त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघताय. "तेलवाला तेलच बदला म्हणणार. वर धुवायलाही तेल! आणि अंघोळीला किती लागेल, हबीबी?"

तरी तेल घेतलंत, कारण ताटलीवर जुना निळसर थेंब सुसाट घसरला आणि नवा रमतगमत उतरला. धुवायचं तेवढं घेतलं नाहीत. टाकी रिकामी करून नवं तेल भरलंत, ब्लेड वर उचललंत आणि त्याच्या खालच्या कडेला जुळवून यार्डच्या भिंतीवर खडूची रेघ ओढलीत. दुपारी बघतो तर ब्लेड रेघेच्या वीतभर खाली. "खलास," तुम्ही म्हणालात. "तेलाबद्दल थापा मारणाऱ्याला मी मुलगी देऊ?" मी तर अजून तुम्हाला काही विचारलंही नव्हतं. त्याचं ऑफिसात येणं बंद झालं. मी आईजवळ रडले आणि तुमच्याशी बोलणं टाकलं.

मग तो शुक्रवार. आईने डबा देऊन मला शारजाच्या यार्डात पाठवलं. सुट्टीचा दिवस, चिटपाखरू नव्हतं, आणि तुम्ही एकटेच ट्रकखाली आडवे. पाइप सुटे केलेले, खाली आपल्या घरची जुनी परात, आणि तिच्यात निळसर तेल ठिबकतंय. केवढं होतं ते अजून आत! मला बघून तुम्ही दचकलात. बनियन तेलाने भरलं होतं. तुम्ही सगळं धुतलंत, नवं तेल भरलंत, ब्लेड पुन्हा पुन्हा वरखाली केलंत आणि रेघेवर आणून सोडलंत. त्या दिवशी ते दुपारभराच्या उन्हात तसूभरही हललं नाही. घरी परतताना सिग्नलला थांबल्यावर तुम्ही समोर बघत म्हणालात, "त्या मुलाला पुढच्या शुक्रवारी जेवायला बोलव." एवढंच. चूक झाली म्हणाला नाहीत, तेव्हाही आणि पुढे कधीही.

आज अल नहदाच्या घरात तो सोफ्यावर पेपर वाचत बसलाय. अजून लोकांना कौतुकाने सांगतो, "हिच्या बाबांना माणसाची पारख होती." मी मान डोलावते. पण बाबा, मला संशय येतो. तुम्हाला तो खरंच पसंत पडला होता, की एका माणसाला उगाच खोटं ठरवल्याची लाज वाटली म्हणून भरपाईत मुलगी देऊन टाकलीत? त्याला कधी विचारलं नाही. हे पत्रही त्याच्या हाती लागू देणार नाही, फाडून टाकीन.

पण तुम्हाला तरी खरं सांगते. त्या संध्याकाळी तुम्ही नळावर हात धूत होतात, तेव्हा भिंतीवरची रेघ बघायला तुमच्या आधी मी गेले होते. ब्लेड खाली आलं असतं, तर मीही त्याला खोटंच मानलं असतं.