रक्त सोडून बाकी सर्व

मी, अभिमन उखर्डू बैसाणे, वय सेहेचाळीस, धंदा व्यायाम प्रशिक्षक, मूळ गाव साक्री तालुक्यातलं, हल्ली राहणार पिंप्राळा, जळगाव, माझ्या मागे माझ्या मालमत्तेवरून घरात भांडणं होऊ नयेत म्हणून हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. कोणी दाब टाकलेला नाही. वकील सारिकाताईंच्या छापील नमुन्यात यापुढे "मी शरीराने सुदृढ व मनाने स्थिर असून" असं आहे. तिथेच मी अडलो. माझं शरीर अख्ख्या जळगावने पाहिलेलं आहे, होर्डिंगवरसुद्धा. पण रक्ताचा अहवाल म्हणतो, सुदृढ नाही. आणि मन स्थिर म्हणावं तर गेले कित्येक महिने एक विचार सकाळी पटतो आणि संध्याकाळी पटत नाही. मी ताईंना विचारलं, गोंधळलेल्या माणसाला मृत्युपत्र करता येतं का? त्या म्हणाल्या, "गोंधळ चालतो, वेड चालत नाही." म्हणून हे लिहितो आहे. त्यांनी मधलं मधलं पुष्कळ काढायला सांगितलं होतं. मी काढलेलं नाही.

कलम पहिले. पिंप्राळ्याचं दोन खोल्यांचं घर, त्यातल्या भांड्याकुंड्यांसह, माझी पत्नी सविता हिला द्यावं. तिच्या हयातीत ते कोणी विकायला सांगू नये. मी पहाटे भरतीच्या पोरांना पळवायला निघायचो, मग बायकांची झुंबा बॅच, मग ज्यांना घरी येऊन व्यायाम शिकवावा लागतो असे डॉक्टर आणि व्यापारी, मग संध्याकाळची जिम, आणि रविवारी मोटारसायकलवर धुळ्याची शाखा. त्या घरात मी राहिलो कमी आणि आंघोळ जास्त केली. घर तिचंच आहे, मी फक्त कागदावर आणतो आहे.

कलम दुसरे. माझ्या आजाराविषयी खरं काय ते इथे लिहितो, कारण गावात भलतंच पसरलं आहे. मागच्या मे महिन्यात, भर उन्हात, जिमच्या स्पर्धेत पोरांना दंड-उड्या दाखवताना मी कोसळलो. कंबर, मांड्या, छाती, सगळीकडून कोणीतरी आतून हाडं पिळतंय असं झालं. तसं ते मला लहानपणापासून अधूनमधून व्हायचंच. मी समजायचो, व्यायामाचं दुखणं आहे. म्हणून आणखी व्यायाम करायचो. डोळे पिवळसर दिसायचे, तर लोक म्हणायचे केळी कमी खा. जिमच्या भिंतीवर मी मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं होतं, "दुखतंय म्हणजे वाढतंय." डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, सिकलसेल आहे. आई आणि बाप दोघांकडून अर्धं अर्धं आलेलं. तुमचा प्रकार सौम्य आहे म्हणून इतकी वर्षं निभावलं. त्यांनी कागदावर गोल पेशी काढली आणि शेजारी विळ्यासारखी वाकडी. भरपूर पाणी प्या, ऊन टाळा, जिवावर बेतेल इतकी मेहनत करू नका. मी म्हणालो, साहेब, माझा धंदाच तो आहे. ते हसले. मला हसू आलं नाही.

मी आजारी आहे की नाही हे मला अजून कळलेलं नाही. आजही मी शंभर किलो उचलतो. उचलताना वाटतं डॉक्टर चुकले. दुसऱ्या दिवशी गुडघा धरून बसतो तेव्हा वाटतं, मीच चुकलो.

कलम तिसरे. जळगावची जिम आणि धुळ्यात देवपूरची शाखा, दोन्हीकडची सर्व यंत्रं, वजनं, आरसे, भाडेकराराचे हक्क आणि नाव हे माझा भाचा व होणारा जावई समाधान यास, त्याचा माझी मुलगी शिल्पा हिच्याशी विवाह झाल्यावर द्यावं.

कलम चौथे. कलम तिसरे रद्द समजावं. ते लिहून झाल्यावर शिल्पाने वाचलं आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही त्याला मशिनी देताय की मशिनींबरोबर मला देताय?" तिचं बरोबर आहे. बायकांची बॅच हल्ली तीच चालवते आणि माझ्यापेक्षा चांगली चालवते. म्हणून दोन्ही ठिकाणची जिम शिल्पाची. तिचं लग्न होवो अगर न होवो, कोणाशीही होवो. अट एकच, पाणी मागणाऱ्याला पाणी द्यावं. "आधी सेट संपव" असं माझ्या जिममध्ये यापुढे कोणी कोणाला म्हणू नये. भिंतीवरचं वाक्य पुसावं. त्या जागी काय लिहावं हे मला सुचलेलं नाही. कोरी भिंतही बरी दिसेल.

कलम पाचवे. वडिलांचे लाकडी मुद्गल समाधानला द्यावेत. हे बिनशर्त. तो तपासणी करो अगर न करो. पोरगा गुणी आहे, देवपूरची शाखा त्यानेच उभी केली. माझा राग त्याच्यावर नाही.

राग कशाचा ते सांगतो. आमच्याकडे मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क. शिल्पा जन्मली तेव्हा माझी थोरली बहीण कोकिळाअक्का साक्रीहून आली आणि समाधानचं जुनं टोपडं तिच्या पाळण्यात ठेवून गेली. तेव्हाच ठरलं. पुढे दोघं एकमेकांना खरंच आवडायला लागली, त्यामुळे सगळेच खूश. साखरपुडा झाला, लग्न येत्या मे महिन्यात आहे. आणि आता डॉक्टर म्हणतात, तुमच्या मुलीत हे अर्धं असणारच. तपासलं तर आहेच. अर्ध्याने तिला काही होणार नाही. पण नवऱ्यातही अर्धं असलं तर प्रत्येक बाळंतपणाला चारात एक भीती, की मूल पूर्ण आजार घेऊन येईल, आणि ते माझ्याइतकं नशीबवान असेलच असं नाही. नवऱ्यात नसलं तर ती भीती नाही. म्हणजे सगळं समाधानच्या एका सुईवर आलं. तो तयार आहे. पण तपासायचं नाही अशी अक्काने त्याला स्वतःची आण घातली आहे.

मी साक्रीला जाऊन अक्काला समजावलं. डॉक्टरांसारखी गोल पेशी काढली, वाकडी काढली. ती म्हणाली, "मायना हातमां इळा व्हता, तो रगतमां कसा जाई रे भाऊ?" मी म्हणालो, अक्का, एकदा तपासून तर घेऊ. ती म्हणाली, "आपलंच रगत शे ना? परकं ऱ्हातं तं तपासतू. मन्हा पोऱ्यामां खोट काढानी शे का तुले?"

आपलंच रक्त आहे म्हणून तिला खात्री, आणि आपलंच रक्त आहे म्हणून मला धास्ती. यात कोण खुळा हे मला ठरवता येईना. परत येताना पारोळ्याला चहाला थांबलो आणि रडलो. लग्न मोडलं तर माझी पोर मोडेल. न मोडता झालं आणि पुढे एखादं नातवंड माझ्यासारखं हाडं धरून ओरडलं, तर आजोबा म्हणून मी त्याला काय सांगू? आणखी व्यायाम कर?

कलम सहावे. श्री. शालिग्राम, स्टेशन रोडवरच्या दुसऱ्या जिमचे मालक, यांना माझ्या मालमत्तेतलं काहीही देऊ नये. मी कोसळलो त्या आठवड्यात "अभिमन शरीर फुगवायला सुया टोचून घेतो, म्हणून पडला" असं यांनी गावभर केलं. मी आयुष्यात अंडी आणि हरभरे यांपलीकडे काही घेतलेलं नाही. मी खुलासा करणार होतो, तर अक्का म्हणाली, "सुईनं नाव व्हऊ दे. रगतनं नाव नको व्हऊ देऊ. बठ्ठी पोरं बसी ऱ्हातीन." म्हणजे घराण्यातली सगळी पोरं बिनलग्नाची राहू नयेत म्हणून मी वर्षभर व्यसनी ठरलो. शालिग्रामला माफ करावं की नाही हे कलम सुचेल तेव्हा लिहीन.

कलम सातवे. मी गेल्यावर अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधा करावा. शोकसभेत "एवढा फिट माणूस आणि" असं वाक्य कोणी सुरू केल्यास त्याला चहा देऊन बसवावं.

कलम आठवे. आई ताईबाई हिचं चांदीचं कडं अक्काला द्यावं.

कलम नववे. कलम आठवे रद्द. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीला राहू नये, असं सारिकाताई म्हणतात. आणि मला साक्षीला अक्काच हवी आहे. साक्षीदाराला मजकूर ऐकवायलाच हवा असं नाही, पण मी ऐकवणार आहे. घरी ती माझं बोलणं तोडते, वकिलासमोर तोडणार नाही. म्हणून कडं मी आज जिवंतपणीच तिच्या हातात घातलं आहे.

आता आईविषयी. आई दुसऱ्यांच्या शेतात कामाला जायची आणि अर्ध्या दिवसात बांधावर बसायची. वडील तिला कामचोर म्हणायचे, गाव म्हणायचं, शेतमालक तर तोंडावर म्हणायचा. तिचं राहिलेलं काम अक्का करायची, शाळा सोडून. रात्री आई चुलीत वीट तापवून गुडघ्याला लावायची आणि आम्हाला म्हणायची, काही नाही, थंडी आहे. मी सातवीत होतो तेव्हा ती गेली. मला आता वाटतं, जे माझ्यात आहे तेच तिच्यात पुरतं होतं, आणि तिला सौम्य प्रकारही मिळाला नव्हता. हे खरं असेल तर अक्कामध्ये निदान अर्धं असणारच. मला नक्की ठाऊक नाही. आईला तपासायला आता उशीर झाला.

कलम दहावे. हे कलम छापील नाही, वकिलांच्या कचेरीत हाताने लिहिलं आहे. वरचं सर्व मी अक्काला वाचून दाखवलं. आईविषयीचं आलं तेव्हा तिने पदर तोंडाला लावला. म्हणाली, "मी बी तिले कामचोर म्हनेल शे रे भाऊ. मरानी त्या दिन बी म्हनेल शे." मग विचारलं, "मन्हामां निंघनं तं माय खरंच दुखनाईत व्हती, असं व्हई का?" मी म्हणालो, पुरावा होणार नाही अक्का, पण या म्हणण्याला बळ येईल. सारिकाताईंच्या कचेरीखालीच रक्त तपासायची लॅब आहे. अक्का उठली. "चाल. पहिले मन्हं काढ. सकाय समाधानले धाडसू. आन ते कागदवर लिख, माय कामचोर नव्हती."

समाधानचा अहवाल काय येईल, लग्नाचं काय होईल, हे लिहीपर्यंत माहीत नाही. दोघं शहाणी आहेत, कळल्यावर त्यांनी ठरवावं, कोणी आण घालू नये. माझं रक्त मला कोणाच्या नावे करायचं नव्हतं, ते आधीच वाटलं गेलं आहे. बाकी जे माझ्या हातात होतं ते वर लिहिलं. आणि सर्व वारसांना सामाईक म्हणून हे एक ठेवतो : माझी आई ताईबाई उखर्डू बैसाणे कामचोर नव्हती.

येणेप्रमाणे लिहून ठेवलं, ते वाचून, समजून, जितकं समजलं तितक्यावर सही केली.

ठिकाण : जळगाव
दिनांक : १० मार्च २०२५

सही : अभिमन उखर्डू बैसाणे

साक्षीदार दुसरा : शालिग्राम दगडू चौधरी, जळगाव. (ज्याला मी काहीच देत नाही असा माणूस शोधताना यांचंच नाव आठवलं. बोलावल्यावर आले. मजकूर त्यांना वाचून दाखवलेला नाही.)

साक्षीदार पहिला : कोकिळाबाई भिका अहिरे, राहणार तालुका साक्री, जिल्हा धुळे. (सही नंतर घेतली व वाकडी आली आहे, ती त्यांचीच आहे. डाव्या हाताने केली, कारण उजवा हात कोपरात दुमडून आत कापूस धरला होता, आणि आईचं कडं वर दंडापर्यंत सरकवलेलं होतं.)