परत द्यायची नव्हती

७ जानेवारी
विधी सेवा प्राधिकरणाकडून अजून एक फाईल. ज्याला वकील परवडत नाही त्याला मी मिळते. आरोपी म्हाळू, मेंढपाळ, कन्नड तालुक्यातला. वय पंचावन्न लिहिलंय. कलम ३७९, चोरी. चोरलं काय, तर एक शेळी. दीड महिना झाला आत आहे, तेही शेळीपायी नाही. आधी सोडला होता, मग तीन तारखांना आला नाही. मेंढरं पैठणकडं गेली, हा त्यांच्यामागं गेला. वॉरंट निघालं, धरून आणला.

फाईल चहा निवायच्या आत वाचून झाली. किती वर्षं हेच चाललंय. वीट आलाय.

९ जानेवारी
जेलमध्ये भेट. जाळीतून. माणूस हडकलेला, आवाज मोठा, उघड्यावर बोलायची सवय.

त्याचं म्हणणं: शहराबाहेरच्या एका गावात एकाच्या शेतात चार दिवस मेंढरं बसवली, खतासाठी. पाचव्या दिवशी सकाळी वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, हलवला. शेतमालकाची शेळी कळपात मिसळून चालत आली. दोन गावं पुढं गेल्यावर बायकोच्या ध्यानात आलं.

मी: मग लगेच परत का नेली नाही?
"मेंढ्या व्यायला झाल्या व्हत्या, बाई. कळप सोडून कसं जावं. माघारी त्याच वाटंनं यायचं व्हतं, तवा दिली असती."

आणि गेरू? पोलिसांची सगळी मदार त्याच्यावर. शेळीच्या पाठीवर याच्या कळपाचा गेरूचा पट्टा सापडला. दोषारोपपत्रात: ओळख लपविण्याच्या उद्देशाने.

"रंग नाय लावला अन् गेली दुसऱ्याच्या कळपात, तर कोन देतंय? आपला रंग असला म्हंजे समदे वळकून माघारी लावत्यात. आपल्यापरीस परक्याचं जनावर जपावं लागतं."

मला हसू आलं. वहीत लिहिलं: रंग लावल्याचं कबूल.

१२ जानेवारी
त्याची बायको, कौसाबाई, पैठणहून एस.टी.नं आली. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली उकिडवी बसून. जामीन द्यायला माणूस हवा, त्याच्या नावावर जमीन हवी. यांच्यात सातबारा कुणाचा असणार? वर्षातले आठ महिने दुसऱ्याच्या रानात.

दीर आणि ती, दोघंच कळपावर आहेत. मेंढ्या विताहेत, कोकरं मरताहेत. कालच्या दिवसात तीन. "त्येंच्या हातचं येगळं हाय, बाई. पोटात आडवं आलेलं कोकरू दिराला फिरवता येत नाय. त्येंना सोडवा, कसं बी."

कसं बी, म्हणाली. मी मान हलवली.

१३ जानेवारी
सरकारी वकिलांनी (यापुढं स.व.) जिन्यात गाठलं. पान चघळत.

"तुमचा तो शेळीवाला. प्ली बार्गेनिंगचा अर्ज टाका, मॅडम. ३७९ काढू, ४०३ वर आणू. चोरी नाही, नुसता अपहार. आत काढलेले दिवस हीच शिक्षा. त्याच दिवशी घरी."

कायद्यात कबुलीच्या बदल्यात वाटाघाट होते ती शिक्षेची, आरोप उतरवून द्यायचं असं सरळ कुठं लिहिलेलं नाही. पण इथं सगळं बसवतात. न्यायाधीश साहेबांना महिनाअखेर निकाली प्रकरणं दाखवायची असतात, स.व.ला दोषसिद्धी, आम्हाला 'लाभार्थी'. सगळे खूश. भाजी बाजारात संध्याकाळी उरलेला ढीग उचलतात तसं.

मी विचारलं, सरळ तडजोड का नको? फिर्यादीनं माघार घेतली की मिटलं.
"तो तयार नाही. आरोपीनं कबूल केलं पाहिजे म्हणतो. मग त्याला काही नको."

शेतमालकाला शेळी कधीच परत मिळालीय. आता त्याला कबुली पाहिजे.

१६ जानेवारी
जेल. म्हाळूला समजावलं.
"म्हंजे चोरी नाय?"
नाही. बेइमानीनं ठेवून घेतली, एवढंच.
त्यानं जाळी धरली. मग म्हणाला, "मंग चोरीच बरी की, बाई. चोराला भूक तरी लागल्याली असती."

मी चिडले. चिडण्यासारखं त्यानं काही केलं नव्हतं. पण डोळ्यापुढं कौसाबाई होती, आणि खरं लिहायचं तर दुपारी दुसऱ्या कोर्टात माझ्या दोन तारखा होत्या. म्हटलं, केस लढायची तर वर्ष जाईल, दोन जातील. तोवर कळप राहील का?

त्यानं अंगठा दिला. अर्जात छापील ओळ आहे: मी हा अर्ज स्वखुशीने करीत आहे. अंगठा नेमका त्या ओळीवर उमटला, ओळ वाचता येईना. मी दुसरा कागद घेतला.

२१ जानेवारी
आज झालं. जसं झालं तसं लिहिते.

चेंबर, दार लावून. साहेब, त्यांचा लिपिक, मी, म्हाळू. स.व. बाहेर, नियमच तसा आहे, आरोपीवर दबाव नको म्हणून. दबाव टाकणारी आत होती.

साहेब: शेळी तुमची नाही हे माहीत होतं?
"व्हय."
तरी ठेवून घेतली?
"व्हय."
परत द्यायची नव्हती?
"द्यायची व्हती की."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडं बघून म्हणाले, "मॅडम, हे कबूल करत नाहीत. असा अर्ज मला घेता येणार नाही. दहा मिनिटं बोलून या."

बरोबर बोलले ते. तिथंच थांबायला हवं होतं मी.

पॅसेजमध्ये नेलं. शिपायाला जरा लांब उभं केलं. म्हटलं, म्हाळूबाबा, आत जाऊन म्हणा, परत द्यायची नव्हती. पाच शब्दही नाहीत.
"पर द्यायची व्हती."
मला माहीत आहे. तरी म्हणा.
"देवाच्या दारात उभं राहून म्हनू?"
हे कोर्ट आहे, देऊळ नाही, मी म्हटलं. कोकरं मरताहेत तिकडं.

आत गेला. मान खाली. "परत द्यायची नव्हती." मोठ्या आवाजाचा माणूस, दोनदा विचारावं लागलं. साहेबांनी विचारलं, कुणी शिकवलं का? माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही त्यानं. "नाय."

दुपारी बैठक: स.व., तपास करणारा जमादार, शेतमालक. सह्या. तीनच्या सुमाराला निकाल, भोगलेली शिक्षा. संध्याकाळी सुटला. कौसाबाई पाया पडायला वाकली, मी मागं सरले. म्हाळू लांब उभा होता, पाठ करून.

२२ जानेवारी
विधी सेवाच्या बैठकीत माझं नाव घेऊन कौतुक. 'गरजू पक्षकाराला तत्काळ दिलासा.' टाळ्या. समोसा आला, तो तसाच ठेवून उठले.

घरी अम्मीला सांगितलं. तिनं जपाची तसबीह ठेवून नीट ऐकलं.
"तो झूट कौन बोला? वो, के तू?"
मी म्हटलं, तो सुटला ना अम्मी.
"वो मैं नै पूछी."
तिच्यावरही ओरडले. मग जेवण तसंच झाकून ठेवलं.

३ फेब्रुवारी
कँटीनमध्ये शेतमालक भेटला. शेळी ताब्यात घेताना कोर्टात लिहून दिलेला बाँड रद्द करून घ्यायला आला होता. स्वतःहून खुर्ची ओढून बसला, चहा मागवला. केस संपली, आता काय लपवायचं, अशा थाटात.

"मॅडम, मानूस वाईट नव्हता. दूधवाल्याकडं निरोप धाडला व्हता त्यानं. शेळी माझ्यापाशी हाय, येताना देतो, काळजी करू नगा."
कधी?
"तक्रार दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी मला समजलं. जमादार म्हनला, आता माघार घेतली तर खोटी तक्रार म्हनून तुमच्यावरच उलटंल. मंग म्या बी गप बसलो."

एवढं बोलून त्यानं चहा बशीत ओतला.

निरोप. दूधवाला साक्षीदार. बेइमानी नव्हती याचा पुरावा, आणि तो दूधवाला रोज सकाळी सायकलवरून शहरात येतो. केस उभी राहिली नसती. चहाचे पैसे त्यानंच दिले आणि मी देऊ दिले.

५ फेब्रुवारी
पुस्तकं काढून बसले. अशा निकालावर अपील नाही. हायकोर्टात रिट, बस. आणि आधार एकच: कबुली स्वखुशीची नव्हती. ते सिद्ध करणार कोण? शिपाई लांब होता. ऐकणारी मीच, शिकवणारीही मीच. शपथपत्र माझं लागेल. त्यानंतर बार कौन्सिलची नोटीस, चौकशी, सनदेवर गदा. सोळा वर्षांची वकिली.

स.व.ला गोल गोल विचारून पाहिलं. म्हणाला, "मॅडम, माणूस सुटलाय. सुटलेल्याला परत कोर्टात आणणारी तुम्ही पहिल्याच."

८ फेब्रुवारी, रविवार
पैठणला गेले. धरणाच्या पाणलोटात त्यांचा वाडा. म्हाळू कोकराला बाटलीनं दूध पाजत होता. उठला नाही, पण कौसाबाईला घोंगडी पसरायला लावली.

शेत मागायला आता तो जात नाही, भाऊ जातो. "पैल्यांदा गावात मी जायचो. मेंढरं बसवतो म्हनायचो, लोक हो म्हनायचे, कागद नाय, काय नाय. आता कोन्त्या तोंडानं म्हनू? कबूल करून आलोय मी."

कुणाला माहीत आहे इथं?
"मला हाय की."

निरोपाचं विचारलं. मला का नाही सांगितलं?
"पोलिसास्नी सांगितलं व्हतं. तुमी इचारलंच नाय."

खरं आहे. मी गेरूचं विचारलं होतं.

मग रिटचं सांगितलं. मी लिहून देईन, मीच शिकवलं म्हणून. त्यानं विचारलं, मंग तुमचं काय व्हईल? सांगितलं. तो कोकराच्या तोंडातली बाटली काढून म्हणाला, "नगं बाई. माझं झालं ते झालं. तुमचं नाव कशाला खराब करता."

आणि मला हायसं वाटलं. लिहून ठेवते, कारण उद्या मी हे स्वतःशीही नाकारीन. एस.टी.त बसेपर्यंत हायसंच वाटत होतं. गाडी अर्ध्या वाटेवर आली तेव्हा स्वतःची शिसारी आली, ती अजून आहे.

११ फेब्रुवारी
कौसाबाईचा फोन, कुणाच्या तरी मोबाईलवरून. मागं मेंढरांचा कालवा.

"ते नगं म्हनले, मी ऐकलं. ते नगंच म्हननार, मानूसच तसा हाय. पर रातभर बसून ऱ्हातो, बाई. कळपाम्होरं चालत नाय, मागून येतो. म्याच म्हनले व्हते तुमास्नी, कसं बी सोडवा. ती माझी चूक. आता मी म्हनते, लिवा."

तिला म्हटलं, बघते.
सगळ्या पक्षकारांना हेच म्हणते मी.
ती म्हणाली, "कवा?"