गरीब बैल

राजमान्य राजेश्री कुशाबा मेव्हणे यांस कापड्याहून रायबाचा रामराम. तुमचा खोकला गेला असेल, किंवा मुंबईत त्याच्याकडे लक्ष द्यायला तुम्हाला सवड नसेल; दोन्ही सारखंच. इकडे तुमची बहीण धोंडूबाई खुशाल आहे आणि तिच्या परवानगीने मीही.

वैशाखात आमचा एक बैल गेला. तुम्ही निरोप धाडलात की नवा घ्याल तो गरीब बघून घ्या. म्हणून वरंधच्या चांगूकडे गेलो. दात बघितले नाहीत, खूर बघितले नाहीत, एवढंच विचारलं, "गरीब हाय ना?" तो म्हणाला, "गरीब? अवो, कुनीबी सांगू दे, ऐकतो!" (या "कुनीबी"वर मी थांबायला हवं होतं.)

रोप लावणीला आलं, पिवळं पडायला लागलं, म्हणून चिखळणी धरली. शेजारच्या खाचरात नाथूचा नांगर. नाथूचा आवाज तुम्हाला ठाऊक आहे. तो कुजबुजला तरी पोलादपुरात कळतं. तो आपल्या बैलांना "वळ" म्हणाला की आमचा गरीब भर खाचरात वळायचा आणि जोडीदारालाही ओढायचा. नाथूने तंबाखू थुंकायला "हो, हो" करून आपले बैल थांबवले की आमचाही उभा. मी घसा फोडून ओरडत होतो, पण बैलाला नाथूचं पटत होतं. दुपारपर्यंत एका कोपऱ्यात लोण्यासारखा चिखल आणि बाकी सगळीकडे गवत तसंच. शेवटी नाथूने "चल" म्हटलं आणि आमची जोडी बांध ओलांडून त्याच्या खाचरात गेली. मी नांगर धरून मागे होतोच.

तेवढ्यात धोंडूबाई भाकरी घेऊन आली. टोपली ठेवली, पदर खोचला, कासरा धरला. म्हणाली, "नाथूभावजी, तोंड मिटा." नाथूने दिवस मावळेपर्यंत मुक्यानेच नांगर हाकला. मग पुढे ती, तिच्यामागे बैल, बैलांमागे मी. बोलणारी ती एकटीच. चिखळणी झाली, लावणीही झाली. रोप वाचलं. घरी येताना मी म्हटलं, "तुजा भाव म्हनाला म्हनून गरीब घेतला गो." ती म्हणाली, "मंग काय वाईट झालं? मलापन आयनं गरीबच बघून दिली व्हती."

कळावे, लोभ असू द्यावा.

आपला,
रायबा

ता. क. तुमच्या गिरणीत माझ्यासाठी जागा बघावी. धोंडूबाई म्हणते, कुणीही सांगितलं तरी ऐकणारा माणूस तिथे लागतोच, आणि शेत ती व बैल बघतील.

आणखी एक. वरचं तिने समोर बसून लिहवून घेतलं. आता ती गोठ्यात गेली आहे म्हणून लिहितो, जागा नाही असं कळवावं. मात्र स्पष्ट अक्षरात. तुमचं उत्तर ती मास्तरांकडून वाचून घेते, माझ्या वाचण्यावर तिचा भरवसा नाही.