मॉर्निंग वॉकला निघालो आणि धाडला उतरलो

बुलढाणा,
रविवार सकाळ

तीर्थस्वरूप अक्काच्या पायाशी नीळकंठचा वाकून नमस्कार. (वाकणं हल्ली खरोखर जमतं. बोटं अंगठ्यापर्यंत पोचायला थोडंसं अंतर उरतं, ते तू पोचलं असं समज.) तुझी तब्येत कशी आहे? रामराव भाऊजींचा खोकला थांबला का? हरभरा घाट्यावर आला असेल. इथं सकाळी धुकं असं पडतं की समोरचा माणूस हातभर अंतरावर आल्याशिवाय ओळखू येत नाही, आणि ओळखू आला की मग टाळता येत नाही.

फोन सोडून हे पत्र कशाला, असं तुला वाटेल. तू फोन स्पीकरवर टाकून भाकरी थापतेस आणि माझं बोलणं संध्याकाळपर्यंत अख्ख्या जानेफळात फिरतं. इकडे मी ओसरीत बोललो तरी शैलजाला स्वयंपाकघरात ऐकू येतं. शाळेत इतकी वर्षं मागच्या बाकावरचं बोलणं ऐकून तिचे कान तयार झाले आहेत. म्हणून पत्र. भाऊजींना मोठ्यानं वाचून दाखवू नकोस.

तर, मला शुगर निघाली हे तुला कळलंच असेल. कॉलेजात, कॉलनीत, किराणा दुकानात सगळ्यांना माहीत आहे. आमच्या कॉलेजच्या ऑफिसात चहा आला की माझ्यापुढे बिनसाखरेचा कप सरकवतात आणि माझ्याकडे असं बघतात, जणू मी पुढच्या महिन्यापासून येणार नाही. ही बातमी मीच पसरवली आहे. का, ते पुढे येईल. (जरा थांब, गॅस बंद आहे का बघून येतो.)

बंद होता. तर डॉक्टरांनी सांगितलं, रोज व्यायाम करा, वजन उतरवा, नाही तर गोळ्या वाढतील आणि त्यानंतर इंजेक्शन. तुला माझा स्वभाव माहीत आहे. लहानपणी जेवताना मी पाटावर कमी आणि पाटाभोवती जास्त असायचो, असं आई म्हणायची. अशा माणसाला व्यायाम सोपा जाईल असं कुणालाही वाटेल. पण चुळबुळ म्हणजे व्यायाम नव्हे, हे मला निवेदितानं शिकवलं. निवेदिता म्हणजे आमच्या कॉलनीतल्या वकिलांची सून. ती देवळाच्या सभामंडपात सकाळी योगासनं घेते. वर्ग बायकांचा. मी एकटाच पुरुष, शेवटच्या रांगेत खांबाआड. मी आलो तरच शैलजा येणार होती, म्हणून मला घेतलं. हातपाय हलवायचे तोवर माझं बरं चाललं होतं. शेवटी सगळ्यांना आडवं करून ती म्हणायची, डोळे मिटा, मनातले विचार जाऊ द्या. सगळ्यांचे विचार जायचे आणि बहुतेक माझ्याकडे यायचे. गाडीची किल्ली गाडीलाच राहिली का? श्रेयस पुण्यात वेळेवर जेवत असेल का? शैलजानं गोळी घेतली का? मी एक डोळा उघडून शैलजाकडे बघायचो. "काका, डोळे," निवेदिता म्हणायची. मी मिटायचो. पुन्हा "काका, डोळे." बायका आडव्या पडल्या पडल्या हसायच्या. एक दिवस तिनं मला बाजूला घेतलं. "काका, राग नका मानू, पण तुमच्यामुळं सगळ्यांचेच डोळे उघडे राहून राह्यले." मी जायचं बंद केलं. आणि हे नाहीत तर मी पण नाही, म्हणून शैलजानंही बंद केलं. मला त्याचं वाईट वाटलं, कारण तिला ते आवडायला लागलं होतं.

मग श्रेयसनं पुण्याहून मनगटावर बांधायचं घड्याळ पाठवलं. ते वेळ सांगतं तो भाग वेगळा, पण माणूस किती चालला, किती पळाला, हृदय किती धडधडलं, हे सगळं श्रेयसच्या मोबाइलवर पोचवतं. पोरगं लांब राहून बापावर पाळत ठेवतं, अशी सोय आता निघाली आहे. आम्ही दोघं धाड गावाच्या रोडला सकाळी चालायला जायला लागलो. शैलजा सावकाश चालते, आणि सावकाश चालणं म्हणजे मला बिनकामाचं रांगेत उभं राहण्यासारखं वाटतं. त्यात श्रेयसचा निरोप आला की बाबा, चालून काही होत नाही, थोडं पळा. म्हणून एका सकाळी मी तिला म्हटलं, तू ये मागून, मी पुढच्या वळणापर्यंत पळून परत येतो.

अक्का, मला एक सांग, आपल्या भागात पन्नाशी उलटलेला माणूस स्वेटर घालून, कानटोपी बांधून, हातात पिशवी घेऊन (पिशवीत पाण्याची बाटली होती) रस्त्यानं पळताना दिसला तर लोकांनी काय समजावं? मागून धाडच्या फेऱ्या मारणाऱ्या दयारामची काळीपिवळी जीप आली. धाडचा बाजार होता, गाडी मेथीच्या जुड्यांनी आणि माणसांनी भरलेली. दयारामनं करकचून ब्रेक मारला. "गाडी सुटली काय साहेब? चाला, बसा लवकर!" मला दम लागला होता. नाही म्हणायलासुद्धा श्वास लागतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मी हात हलवला. त्यानं तो हात "थांब" असा समजून घेतला. आतून दोघांनी दंडाला धरून मला उचललं आणि मेथीवर बसवलं. मी "उ... उ..." करत होतो. शेजारचे म्हातारबुवा म्हणाले, "बोलू नका बाप्पा, आधी दम खा." मी दम खाल्ला. तो खाऊन झाला तेव्हा बुलढाणा कधीच मागं पडलं होतं. उतरतो म्हणालो तर दयाराम म्हणतो, "इथं रानात उतरून काय करता साहेब? बाजारापर्यंत चाला, तिथून बुलढाण्याची येष्टी भेटते."

धाडच्या बाजारात मी रिकाम्या खिशानं आणि पाण्याच्या बाटलीनिशी उतरलो. मोबाइल घरी. चहावाल्यानं त्याचा फोन दिला, पण मला पाठ असलेला नंबर एकच निघाला, तो म्हणजे आमच्या ऑफिसचा. तिथं त्या वेळी घंटी ऐकायला फक्त कपाटं असतात. (मी शैलजाचा नंबर त्यानंतर पाठ केला आहे. रोज आंघोळ करताना म्हणतो.) एवढ्यात मनगट थरथरलं. घड्याळानं माझं अभिनंदन केलं होतं. त्याच्या मते मी बुलढाण्याहून धाडपर्यंत पळत आलो होतो. श्रेयसनं ते सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं, खाली टाळ्या वाजवणारे हात. तुझी प्रतीक्षा त्यावर "मामा ग्रेट" असं लिहून गेली, ते तिनं मागं घेतलं तरी चालेल.

चहावाल्याकडून तिकिटापुरते उसने घेऊन येष्टीनं परत आलो. निम्म्या रस्त्यातच माझं हसू गेलं होतं. खिडकीतून मी एकेक माणूस बघत होतो, कुठं शैलजा दिसते का म्हणून. रस्त्याच्या कडेला सुभद्राबाईंचं वांग्याचं शेत आहे. तिथल्या झोपडीपुढं बाजेवर शैलजा बसलेली दिसली. मी ओरडून गाडी थांबवली. तिच्या हातात चहा होता, चेहरा पांढरा पडला होता. सुभद्राबाई माझ्यावर तुटून पडल्या. "बायकोले रस्त्यात सोडून कुठं उंडारून राह्यले हो तुमी? बाई इथं रस्त्याच्या मोरीवर चक्कर येऊन बसली होती. मी पाह्यलं म्हणून बरं!"

मी वळणावर दिसेना म्हणून शैलजा घाबरून भराभर चालत सुटली होती. उपाशीपोटी, गोळी घेऊन. शुगर एकदम खाली गेली.

तिनं माझ्याकडे बघितलं. "कुठं गेल्ते?"

"धाडले."

"पळत?"

"जीपमधी."

आधी ती हसली. खूप हसली, चहा सांडेपर्यंत. मग हसता हसता रडायला लागली. बाजेभोवती मी दोन फेऱ्या मारल्या. सुभद्राबाई म्हणाल्या, "बसा हो एका जागी!" मी बसलो. अक्का, आयुष्यात पहिल्यांदा मी एका जागी बसलो आणि मला उठावंसं वाटलं नाही.

आता तुला समजलंच असेल, पण स्पष्ट लिहितो. शुगर मला नाही. शैलजाला आहे. रिपोर्ट आला तेव्हा ती म्हणाली, शाळेत कळलं तर सगळ्या बाया माझ्या डब्यात डोकावतील, माहेरी कळलं तर आई जेवण सोडेल. कुणाला सांगू नका. बरं, बायको व्यायामाला निघाली की लोक विचारणारच. मग मी म्हटलं, माझ्या नावावर टाक. माझं पोट बघून कुणी पुरावा मागणार नाही. तेव्हापासून गावासाठी मी पेशंट आणि ती माझ्यासोबत येणारी बिचारी बायको. रुबाबात सांगत फिरतो मी, पण रिपोर्टातला तो आकडा आठवला की जेवताजेवता उठतो, आणि कशासाठी उठलो ते आठवत नाही.

त्या दिवसानंतर तिनं नियम घातला. पळणं नाही, घड्याळ नाही, पुण्याचे सल्ले नाहीत. तिचं म्हणणं असं की जेवढं उद्याही करावंसं वाटेल तेवढंच आज करायचं. आधी दोन घास खायचे आणि निघायचं. सुरुवातीला आम्ही फक्त कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत जायचो. मला लाज वाटायची, एवढ्यासाठी चप्पल कशाला घालायची! पण ती रोज गेली. कंटाळा आला तरी चप्पल घालून फाटकापर्यंत यायचंच, हे ठरलेलं. फाटकापर्यंत आलेली बाई सहसा मागं फिरत नाही, असं मला दिसून आलं. पिंपळ मागं पडला, पाण्याची टाकी मागं पडली, आता आम्ही घाट दिसतो तिथपर्यंत जातो. पाहुणे आले तर पाहुण्यांना घेऊन जातो. (त्यानंतर पाहुणे कमी येतात.) संध्याकाळची भाजीही पायीच आणतो.

माझं म्हणशील तर तिच्या चालीनं मला अजूनही चालवत नाही. म्हणून मी पुढे जातो, परत तिच्यापर्यंत येतो, पुन्हा पुढे जातो. आमचे शेजारी गुलाबराव फाटकाशी खुर्ची टाकून बसतात. त्यांनी आठवडाभर बघितलं आणि न राहवून विचारलं, "साहेब, काही हरवलं काय? सांगा, मी पण शोधतो." नाही म्हटलं तरी ते अधूनमधून रस्त्यावर बघत असतात. या ये-जा करण्याचा परिणाम असा की गेल्या तपासणीत माझं वजन चांगलं उतरलं, आणि शैलजाचं जिथल्या तिथं. डॉक्टर म्हणाले, शुगर खाली आली ना, वजन येईल मागून. पण ती संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. रात्री माझी पँट कमरेत आवळून शिवताना म्हणाली, "तुमचं कौतुक होऊन राह्यलं, अन् चालते मी!" यात तिचं चुकत नाही.

बाकी सर्व ठीक. भाऊजींना नमस्कार, प्रतीक्षाला आशीर्वाद.

तुझा भाऊ,
नीळकंठ

ता. क. – खरं काम लिहायचं राहिलं. संक्रांतीनंतर ऑफिस मला नव्या कॉम्प्युटरच्या ट्रेनिंगला अमरावतीला पाठवतं आहे. नाही म्हणून बघितलं, चालत नाही. शैलजा एकटी निघणार नाही आणि महिनाभर खंड पडला की सगळं बसलं. तू येशील का? पण मी बोलावलं असं तिला कळता कामा नये, तिला ते आवडणार नाही. तुझे गुडघे दुखतात, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं आहे आणि जानेफळला सोबत नाही, असं सांग. थोडं लंगडत ये. माझी शुगर झाली, आता तुझे गुडघे होऊ देत.

दुसरा ता. क. – लंगडताना पाय बदलू नकोस. तुझी सवय मला माहीत आहे.

(खालचं अक्षर वेगळं आहे.)

अक्का, साष्टांग नमस्कार. यांनी पाकीट चिकटवून मलाच पोस्टात टाकायला दिलं. डिंक नीट लागला नव्हता. तुम्ही याच, न लंगडता या. चालायला मी एकटीही जाईन, गेल्या आठवड्यात यांना ताप होता तेव्हा एकटीच गेले होते. माझी काळजी नाही. पण अमरावतीला यांच्याजवळ कुणी नसेल, फोन आला की मी बरी आहे असं मी सांगून यांना पटणार नाही. तुम्ही इथून सांगितलं तर पटेल. तेवढ्यासाठी या.

– शैलजा